मुख्य सभासद

"नुपूर, एक सांगू? घराचं एकच नाव नको लिहूस. बायकांची नावं वेगळी घाल. त्यांचे त्यांचे अर्ज, त्यांच्या त्यांच्या सह्या."

अरुणाताई हे म्हणाल्या तेव्हा नुपूरच्या मांडीवर पाच महिन्यांची तन्वी होती, लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर होता आणि घटनेच्या मसुद्यातलं सातवं कलम अर्धवट टाइप झालेलं होतं. जपानातल्या ओजिमाच्या मराठी मंडळाची कायदेशीर नोंदणी व्हायची होती. नोंदणी नाही म्हणून वॉर्डाचा हॉल दरवर्षी कुणाच्या तरी खाजगी नावावर घ्यावा लागे, आणि ते 'कुणीतरी' भारतात परतलं की गणपतीच्या जागेची बोंब. मंडळात कायद्याची पदवी असलेली नुपूर एकटीच. लग्न होऊन जपानला येण्याआधी तिनं पुण्याच्या कोर्टात जेमतेम चौदा महिने काढले होते. मंडळाला तेवढे पुरेसे वाटले.

"अहो ताई, काय फरक पडतो?" ती म्हणाली. "घरातलं कुणीही आलं तरी चालणारच आहे की. नाव फक्त फॉर्मपुरतं. आणि मेंबर दुप्पट झाले, तर दोन तृतीयांश मतं गोळा करताना सगळ्यांच्या तोंडाला फेस येईल."

"फॉर्मपुरतं असं काही नसतं गं. वीस वर्षं बँकेत काढलीयेत मी. माणूस असतो तोवर माणूस बोलतो, नंतर फॉर्मच बोलतो."

नुपूर हसली. तेवढ्यात तन्वीनं प्यायलेलं सगळं दूध तिच्या खांद्यावर उलटून टाकलं, अरुणाताई फडकं आणायला धावल्या, आणि तो विषय तिथंच राहिला. पुढच्या वर्षी अरुणाताई कायमच्या नाशिकला गेल्या.

कलम सात, पोटकलम एक: प्रत्येक कुटुंबाचे एक सभासदत्व असेल व ते मुख्य सभासदाच्या नावे राहील. पोटकलम दोन: मुख्य सभासदाचा मृत्यू झाल्यास अथवा त्याने जपान कायमचे सोडल्यास सभासदत्व आपोआप संपुष्टात येईल.

पहिलं पोटकलम आपल्याकडच्या रिवाजातलं. एका घराचं एक नाव, आणि अर्जाला कंपनीचं पत्र जोडायचं म्हणून ते नाव नोकरी करणाऱ्याचं, म्हणजे नवऱ्याचं. दुसरं तिनं संस्थानोंदणीच्या छापील जपानी नमुन्यातून जसंच्या तसं उचललं होतं. त्या नमुन्यात प्रत्येक माणूस स्वतःच्या नावानं सभासद असतो. तो गेला की त्याचं सभासदत्व जातं, त्यात वावगं काहीच नाही. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी शहाणी होती. नुपूरनं ती एकाखाली एक ठेवली, नंबर दिले, आणि मसुदा किती नेटका दिसतोय म्हणून स्वतःवरच खूश झाली.

*

नुपूर तशी काळजी करणाऱ्यांतली. दाराशी भूकंपाची पिशवी भरलेली. त्यातल्या बिस्किटांच्या तारखा ती दर तीन महिन्यांनी बघायची. तन्वी चार वर्षांची झाली तरी झोपेत तिच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासायची. शाळेच्या गेटवर कोण उभं आहे, समोरच्या बाल्कनीतले कपडे दोन दिवस का काढले नाहीत, तिचं लक्ष सगळीकडे. सत्यजित, तिचा नवरा, चेष्टेनं म्हणायचा, "आपल्याकडे सीसीटीव्ही नाही, नुपूर आहे."

तर या सीसीटीव्हीला पाच महिने एक माणूस दिसलं नाही.

मार्च महिन्यात तन्वीचा कान दुखायला लागला म्हणून ती तिला स्टेशनजवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. खाली कान-नाक-घसा, वर हाडांचा डॉक्टर, आणि दोघांना मिळून बसायची जागा एकच. कोपऱ्यातल्या खुर्चीत रेखाकाकू बसल्या होत्या. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टर, उजव्या हातात नंबराचा कागद.

"काकू? तुम्ही... तुम्ही भारतात गेला होतात ना?"

"कोण म्हणालं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. नंदूकाका, म्हणजे काकूंचे यजमान नंदकिशोर पाठारे, सप्टेंबरात कावासाकीला ऑफिसातच गेले. छातीत कळ आली आणि संपलं. तेव्हा अख्खं मंडळ धावलं होतं. नुपूरनं स्वतः तीन दिवस डबा पोहोचवला होता. ऑक्टोबरात ग्रुपवर एक ओळ आली: सुशीलनं रेखा पाठारे यांना काढलं. सुशील मंडळाचा सचिव. ग्रुपवरून नावं जातच असतात. महिन्याला एखादं कुटुंब गाशा गुंडाळतं. नाव गेलं म्हणजे माणूस भारतात गेलं, असंच सगळे धरून चालतात. नुपूरनंही धरलं होतं. एकट्या बाईनं इथं राहून करायचं काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं, आणि हे आता तिला दवाखान्यात उभ्या उभ्या आठवलं.

"मी कुठं जाणार गं? पर्मनंट व्हिसा आहे, एकोणीस वर्षांचं घर आहे, बेंतोच्या फॅक्टरीत डबे भरायचं काम आहे. होतं. हात मोडल्यापासून शिफ्ट बंद."

"हात कधी मोडला?"

"फेब्रुवारीत जमीन हलली ना, तेव्हा. वरच्या कपाटाची दारं धडाधड उघडायला लागली, ती बंद करायला स्टुलावर चढले. मूर्खपणा. आपटले. मग तीन तास स्वयंपाकघरात पडून होते, फोन बाहेरच्या खोलीत."

"मग?"

"शेजारच्या ओकाबे आजी आल्या बघायला. इमारतीच्या यादीत त्यांच्याकडे माझं घर आहे. ऐंशीच्या वर वय आहे त्यांचं. त्यांनी दार वाजवलं, मी ओरडले, त्यांनी माणसं आणली."

 यादी मंडळाकडेही होती. शाळांमध्ये असते तशी फोनची साखळी; प्रत्येक घराला तीन घरं नेमून दिलेली, जमीन जोरात हलली की त्या तिघांना फोन करायचा आणि खुशाली वर कळवायची. मंडळाचं सगळ्यात चांगलं काम म्हणून ही साखळी सगळ्यांना अभिमानानं सांगितली जायची. फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी पाऊण तासात सुशीलचा मेसेज आला होता: साखळी पूर्ण. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस घरं सुखरूप. नुपूरनं त्यावर टाळ्या पाठवल्या होत्या. त्याआधीच्या वर्षी घरं चव्वेचाळीस होती, हे तिनं मोजलं नव्हतं.

"काकू, तुम्ही आम्हाला फोन का नाही केलात?"

रेखाकाकूंनी नंबराच्या कागदाची घडी घातली, उलगडली. "खरं सांगू? ग्रुपवरून काढलंत तेव्हा मी म्हटलं, चुकून झालं असेल. दिवाळी गेली, कुणाचा फोन नाही. मग संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, त्याचे फोटो तुमच्या मंडळातल्या सोनलनं स्टेटसला ठेवले. तेव्हा कळलं. म्हटलं, बरोबर आहे. सवाष्णी बायका, नवीन संसार. त्यात मी कुठं. पुण्यामुंबईच्या शिकलेल्या पोरी तुम्ही, तोंडावर बोलणार नाही, नाव तेवढं काढून टाकाल."

"काकू, नाही हो! असं काही नव्हतं!"

"मग कसं होतं?"

तन्वी जपानीत विचारत होती, आई, या आजीच्या हाताला काय झालं, दुखतं का. नुपूरला तिला काही सांगता येईना आणि काकूंनाही. कुणी ठरवून केलं असतं तर निदान सांगता आलं असतं, त्याचं नाव घेता आलं असतं. इथं कुणी काहीच ठरवलं नव्हतं. एक कलम होतं, ते चाललं. आणि ते कुणाच्या हातचं होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

*

"वहिनी, मी काय मनानं काढलं का?" फोनवर सुशील चिडला. "सात-दोन वाचा. तुम्हीच लिहिलंय. ग्रुप सभासदांचा, साखळी सभासदांची. यादी मी सभासदांच्या रजिस्टरवरून बनवतो. रजिस्टरमधून नाव गेलं की सगळीकडून जातं."

"ते कळलं. पण माणूस त्याच घरात आहे ना, सुशील! जाऊन विचारायचं तरी!"

"त्रेचाळीस घरं आहेत, माझं ऑफिस आहे. मी कुणाकुणाच्या घरी जाऊ? बरं, काकूंना परत घ्यायचंय ना? नवा अर्ज करू दे. कंपनीचं पत्र जोडायचं, झालं."

"त्या पार्टटाइम करत होत्या. हात मोडून घरी बसल्यात. पत्र कोण देणार?"

"ती अटही तुमचीच आहे, वहिनी."

नुपूरनं फोन ठेवला तेव्हा तिचे कान गरम झाले होते. सुशीलचा राग आला होता, आणि तो खोटं एक अक्षरही बोलला नव्हता याचा त्याहून जास्त.

त्या आठवड्यात तिनं घटनादुरुस्तीचा मसुदा लिहिला. सज्ञान माणूस, बाई असो की पुरुष, स्वतःच्या नावानं सभासद. कंपनीचं पत्र रद्द. एकाच्या मृत्यूनं दुसऱ्याचं सभासदत्व जाणार नाही, आणि आधी असं गेलेलं असेल तर ते गेलंच नव्हतं असं धरलं जाईल. चार ओळी. या वेळी तिनं प्रत्येक ओळ रेखाकाकूंना समोर ठेवून वाचली: ही ओळ काकूंना आत घेते की बाहेर ठेवते?

ठराव मांडायला सभासद लागतो. ती सभासद नव्हती. घराचा मुख्य सभासद सत्यजित. त्यानं सूचक म्हणून सही केली, अनुमोदक म्हणून सोनलच्या नवऱ्यानं केली, आणि एप्रिलच्या तिसऱ्या रविवारची विशेष सभा ठरली. नोटिशीबरोबर प्रत्येक घराला जोडपोस्टकार्ड गेलं. सभेला येणार नसाल तर उत्तराच्या अर्ध्या कार्डावर तुमचं मत कोण देणार त्याचं नाव लिहायचं, सहीऐवजी नावाचा शिक्का मारायचा, टपालाच्या पेटीत टाकायचं.

सभेच्या आधीच्या गुरुवारी सत्यजितला सेंदाईला क्लायंटकडे जावं लागलं. चपलांच्या कपाटावर कार्ड ठेवून तो गेला. "हे तेवढं टाक गं. माझं मत वाया नको जायला." शाळेच्या वाटेवर तन्वीनं हट्ट धरला की पेटीत मीच टाकणार. नुपूरनं तिला उचलून धरलं. कार्ड आत पडल्याचा आवाज आला तेव्हा तिला बरं वाटलं. एक मत झालं.

*

रविवारी सकाळी दहाला वॉर्डाच्या हॉलमध्ये बुटांच्या रांगा लागल्या तेव्हा नुपूरला आशा वाटायला लागली. पन्नासएक माणसं आली होती. पुढच्या खुर्च्यांवर सभासद, मागे बायका, कडेच्या चटईवर पोरं. नुपूर टेबलाच्या टोकाला वही घेऊन बसली. इतिवृत्त तीच लिहायची, पहिल्या दिवसापासून. तिची मराठी शुद्ध म्हणून.

अध्यक्ष विजयकुमार सर कावासाकीच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत विभागप्रमुख. माणूस वाईट नाही. नंदूकाकांच्या वेळी पोलिसांपासून स्मशानापर्यंत सगळे कागद त्यांनीच हलवले होते. पण सभा ते जपानी ऑफिसातल्यासारखी चालवत. घड्याळ टेबलावर, आवाज कधी चढायचा नाही, आणि नको असलेल्या गोष्टीला 'नाही' असं कधी म्हणायचे नाहीत.

"नुपूर, भावनिकदृष्ट्या तुमचा मुद्दा एकदम योग्य आहे," ते म्हणाले.

"भावनिक नाहीये, सर. चूक माझी आहे. मी लिहिलीय, मीच दुरुस्त करायला मागतेय."

"चूक असं लगेच म्हणता येणार नाही. चार वर्षं कलम व्यवस्थित चाललंय."

"चार वर्षं कुणी मेलं नव्हतं म्हणून चाललं."



पुढच्या रांगेतून माधवनं हात वर केला. एआयमध्ये काम करणारा, हसतमुख, कुणाशीही भांडण नको असलेला. "मला काय वाटतं, आपण करूच की काकूंना फोन. आपली माणसं आहेत. त्याला घटनादुरुस्ती कशाला?"

"फेब्रुवारीत केलात?" नुपूरनं विचारलं.

"मला... माझ्या यादीत त्या नव्हत्या."

"तेच म्हणतेय मी."

सुशीलनं घसा साफ केला. "प्रॅक्टिकल बोलू या. बायका वेगळ्या सभासद झाल्या की त्रेचाळीसचे पंच्याऐंशी होतात. घटना बदलायला दोन तृतीयांश मतं लागतात, हजर असलेल्यांची नाही, एकूणाची. आत्ताच जमत नाहीत. गेल्या वर्षी कोरमअभावी दोन सभा पुढे ढकलल्या मी. कुठून आणू माणसं?"

"मागे बघा ना, सुशील," नुपूर म्हणाली. "तुमचा कोरम मागे बसलाय. चहा करतोय."

मागून हशा पिकला. सोनल हातातलं गाळणं उंच धरून ओरडली, "हजर!" विजयकुमार सरही हसले. हसून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मी एक मधला मार्ग सुचवतो. रेखावहिनींना आपण मानद पाहुण्या म्हणून प्रत्येक कार्यक्रमाला बोलवू. पहिल्या रांगेत बसवू. कलमाचं जूनच्या वार्षिक सभेत निवांत बघू."

नुपूरनं हे काकूंना आदल्या दिवशीच विचारलं होतं. असं काहीतरी येणार याचा तिला वास आला होता. "काकूंचा निरोप आहे," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, मंडळाची पहिली सभा माझ्या घरात झाली. सात माणसं आणि एक कुकर. पाहुणे तेव्हा तुम्ही होतात."

विजयकुमार सरांनी मान खाली घातली. त्या सात माणसांत ते होते. क्षणभर वाटलं, आता हा माणूस विरघळणार. पण त्यांनी समोरचे कागद टेबलावर ठोकून सारखे केले आणि म्हणाले, "मतदान घेऊ या."

हात वर झाले. पुढे झाले आणि मागेही झाले. मागे तर जंगलच उगवलं. सुशील बोटानं मोजत गेला, अडखळला, परत पहिल्यापासून सुरू झाला.

"वहिनी, प्लीज. मागचे हात खाली घ्या. मोजताना गोंधळ होतोय."

एकेक हात खाली आला. बांगड्यांचे, घड्याळांचे, पिठाचे. नुपूरचाही हात वर होता. कधी वर गेला तिला कळलंच नव्हतं. तो तिनं दुसऱ्या हातानं धरून खाली ओढला.

"हजर सभासद अठरा. बाजूनं सोळा, विरोधात दोन." सुशीलनं कार्डांची गड्डी उचलली. "पोस्टानं आलेली एकवीस. पाहिजेत एकोणतीस."

सोळा आणि एकवीस. नुपूरनं वहीच्या कडेला बेरीज केली आणि तिचा श्वास हलका झाला. त्यातली तेरा जरी मिळाली...

"एकवीसच्या एकवीस कार्डांवर प्रतिनिधीचं नाव कोरं आहे," विजयकुमार सर म्हणाले. "कोरं कार्ड म्हणजे अध्यक्षांवर सोपवलेलं मत, असा इथला प्रघात आहे आणि आपल्या नोटिशीतही तसं लिहिलेलं आहे. ती मतं मी तटस्थ ठेवतो."

"तटस्थ म्हणजे?"

"मी विरोध करत नाहीये, नुपूर. माझं वहिनींशी काही वैर नाही. पण एकवीस घरांच्या वतीनं एवढा मोठा बदल मी एकटा करणं बरं नाही."

"सर, एकूणाच्या दोन तृतीयांश पाहिजेत तिथं तटस्थ म्हणजे विरोधच! आणि नाही करणं हाही निर्णयच आहे ना, तोही तुम्ही एकटेच करताय! त्यांच्यातल्या कितीजणांना विचारलंत तुम्ही?"

"त्यांनी विश्वासानं कार्ड दिलंय," ते शांतपणे म्हणाले, आणि गड्डीतलं वरचं कार्ड तिच्याकडे वळवून टेबलावर ठेवलं. रागानं ठेवलं नाही. नियम दाखवावा तसं ठेवलं. "हे तुमच्याच घरचं."

सत्यजित देवकुळे. खाली गोल लाल शिक्का, नीट मधोमध. वर, नावाच्या रकान्यात, पांढरा कागद.

*

"अगं, ऑफिसात सगळे असंच पाठवतात," सत्यजित सेंदाईहून सांगत होता. ती हॉलच्या मागच्या जिन्यात उभी होती; एका हातात फोन, दुसऱ्यात तन्वीचे बूट. "नाव कोरं ठेवायचं म्हणजे चेअरमनवर विश्वास दाखवायचा. कुणाचं नाव लिहिणं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं होतं. मला वाटलं, ठराव माझाच आहे, सूचक म्हणून सहीच आहे माझी, तर ते आपल्याच बाजूनं टाकणार."

"एकदा मला विचारायचंस."

"तू पण बघितलं नाहीस ना पेटीत टाकताना?"

तिनं बूट पायरीवर ठेवले.  एकवीस सभ्य माणसं. कुणी सेंदाईला, कुणी ओसाकाला, कुणी घरातच सोफ्यावर. सगळ्यांनी शिक्का मधोमध मारला, कुणाला दुखवलं नाही, आणि एका बाईला दाराबाहेर ठेवलं. त्यांतल्या एकाच्याही मनात काकूंबद्दल वाईट नव्हतं. तिला शिवी घालावीशी वाटत होती आणि घालायला समोर माणूसच नव्हतं. घातली असती तर पहिली स्वतःला घालावी लागली असती.

"नुपूर? रडतेयस का?"

"नाही. संतापलेय. ठेव फोन."

तन्वीला सोनलकडे सोडून ती थेट सहा नंबरच्या इमारतीत गेली. नववा मजला. तिनं बेल वाजवली. आत काही हललं नाही. परत वाजवली. मिनिट झालं, दीड झालं. झोपल्या असतील, उगाच उठवायला नको, असं म्हणून ती लिफ्टकडे वळलीही. आणि मग आतून स्लिपर ओढल्याचा आवाज आला, साखळीची खुडबुड झाली, एका हातानं ती निघेना, परत खुडबुड झाली, आणि दार उघडलं.

"ये. नाही झालं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"झालं असतं तर तू खालूनच ओरडली असतीस."

टेबलावर भाकरीचं पीठ अर्धवट मळलेलं होतं, एका हाताचं. नुपूरनं बाह्या वर केल्या आणि न विचारता परातीशी बसली. सोळा, दोन, एकवीस, सगळं सांगितलं. सत्यजितचं कार्डही सांगितलं. ते सांगताना तिनं पिठातून डोळे वर उचलले नाहीत.

काकूंनी पाण्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "नंदूही तसंच पाठवायचा गं. कोरं. मी कधी विचारलं नाही, तुझं आणि माझं मत कुणाला देतोयस म्हणून." जरा थांबून त्यांनी विचारलं, "सोळा जणांनी हात वर केले म्हणतेस?"

"पुढे सोळा. मागे त्याच्या दुप्पट. ते मोजले नाहीत."

"मागे दुप्पट?" काकूंनी प्लॅस्टरच्या हातानं पदर सावरायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, मग तसाच राहू दिला. "मला वाटलेलं, तुम्हाला कुणालाच मी नकोय."

नुपूरनं पिठाचा गोळा इतक्या जोरानं दाबला की परात सरकली.

"आज मिनिट्स तू लिहिणार ना?" काकूंनी विचारलं. "त्यात माझं नाव येईल?"

"येईल."

"मग 'कैलासवासी नंदकिशोर पाठारे यांच्या पत्नी' असं नको लिहूस. माझं नाव लिही."

"पत्ता लिहू?"

"लिही की. मी काय लपून बसलेय?"

दुपारी तन्वी झोपल्यावर नुपूर इस्त्रीच्या टेबलाशी बसली. इतिवृत्त संध्याकाळच्या आत सगळ्या घरांना जायचं असतं. सही लेखकाची, म्हणजे तिची. तिनं हजेरी लिहिली आणि पुढे आपल्या मनानं कंस घातला: उपस्थित पण न मोजलेल्या, बत्तीस. विजयकुमार सर हरकत घेतील, घेऊ देत. ठराव क्रमांक एक, बाजूने सोळा, विरोधात दोन, तटस्थ एकवीस. सर्व एकवीस मतपत्रे प्रतिनिधीच्या नावाविना, पैकी एक लेखिकेच्या घरचे. ठराव नामंजूर. सभा साडेअकराला संपली.

खाली सहीपुरती जागा उरली होती. सही तिनं जरा खाली सरकवली आणि मधल्या जागेत लिहिलं:

हे इतिवृत्त वाचणाऱ्यास विनंती. ओजिमा, इमारत क्रमांक सहा, खोली ९०७ येथे रेखा पाठारे राहतात. त्या कोणत्याही यादीत नाहीत. आपण त्या बाजूला गेलात तर नवव्या मजल्यावर जाऊन त्यांची चौकशी करावी. त्या बाजूला जाणार नसाल, तर आपल्या यादीतून गेलेलं एखादं नाव आठवून पाहावं, आणि ते माणूस खरंच गेलं आहे का, हे स्वतः जाऊन बघावं. बेल वाजवल्यावर दार उघडायला वेळ लागतो. कृपया लगेच परत फिरू नये.